जुन्या मोटारीचा पाळीचा ताप

पूर्वी आपल्याकडे हिवतापाला ‘पाळीचा ताप’ म्हणत. तो एके दिवशी थंडी वाजवून येई, दुसऱ्या दिवशी रोगी उठून कामाला लागे आणि तिसऱ्या दिवशी त्याच सुमारास पुन्हा अंथरुणाला खिळे. वैद्य नेमके मधल्या दिवशी आले, तर त्यांच्यापुढे चांगला धडधाकट मनुष्य बसलेला असे. पण जाणता वैद्य ‘तुला काही झालेले नाही’ असे सांगून परत जात नसे. तो विचारी, ताप येतो केव्हा? चढण्याआधी काय होते? उतरतो कसा? ताप सतत नसणे ही त्याच्या दृष्टीने निदानातली अडचण नव्हती. तेच मुळी निदानाचे मुख्य साधन होते.

जुन्या मोटारीच्या क्लचचे आणि गिअरचे दुखणे पुष्कळदा याच जातीचे असते. सकाळी गिअर अलगद पडतो. दुपारी भर चौकात, मागे वाहनांची रांग लागलेली असताना, तोच गिअर करकर दात खाऊ लागतो. वेळात वेळ काढून गाडी गॅरेजात न्यावी, तर पाहुण्यांसमोर शहाण्या होणाऱ्या मुलासारखी ती तेथे अगदी सरळ चालते. मग मिस्त्री दोनपैकी एक उत्तर देतो. एक तर ‘साहेब, गाडीत काही नाही’, नाही तर ‘क्लचप्लेट बदलून टाकू’. पहिल्या उत्तराने दुखणे जात नाही. दुसऱ्याने जाईलच असे नाही, पैसे मात्र निश्चित जातात.

यंत्राला लहर नसते, एवढी एकच गोष्ट आज मला श्रोत्यांपुढे मांडावयाची आहे. जे ‘कधी कधी’ होते, ते काही विशिष्ट परिस्थितीतच होते; ती परिस्थिती कोणती हे शोधणे म्हणजेच निदान. आणि हे शोधण्याचे काम मिस्त्रीहून मालकाला अधिक चांगले जमते, कारण ताप चढतो तेव्हा गाडीजवळ मालकच असतो. मी इंजिनिअर नव्हे. सरकारी कचेरीत फायली पाहणारा मनुष्य आहे. परंतु या दुखण्याने मला एकदा चांगलाच धडा शिकवला, म्हणून हा अधिकार घेत आहे.

माझी गाडी १९९७ सालची. वडिलांनी सेवानिवृत्तीच्या वेळी घेतलेली ती लहानशी, पुढच्या चाकांवर चालणारी मोटार त्यांच्यामागे माझ्याकडे आली. ती कोणत्या कारखान्याची हे येथे गौण आहे. दोष कारखान्याचा नव्हता, वर्षांचा व गंजाचा होता. २०१६ च्या डिसेंबरात आईला घेऊन मी धुळ्याहून इंदूरला निघालो होतो. नोकरीनिमित्त तेव्हा माझा मुक्काम इंदुरास होता. खलघाटाजवळ नर्मदा ओलांडली, धामनोद मागे पडले आणि विंध्याच्या चढावर मालमोटारींची लांबच लांब रांग लागली. रांग थांबली की पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करावे, हलली की चालू करावे, असे मी पाच-सहा वेळा केले. शेवटच्या वेळी पहिला गिअर टाकण्यासाठी क्लच दाबला, तो पायाखाली धोंडा ठेवल्यासारखा. जोर केला तेव्हा पेडल अर्धवट खाली गेले, पण गिअर करकरून परत आला. पुढची जागा मोकळी झाली होती, मागचा मालमोटारवाला भोंगा वाजवीत होता आणि गाडी केवळ हँडब्रेकवर उभी होती. आई काही बोलली नाही. मांडीवरची पिशवी तिने तेवढी घट्ट धरली. चार-पाच वेळा पेडल दाबल्यावर ते एकाएकी मोकळे झाले, गिअर पडला आणि घरापर्यंत पुन्हा तक्रार म्हणून झाली नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात अर्थातच काही सापडले नाही. त्याच वर्षी अशाच तक्रारीवरून क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा सारा संच नवा बसवून झाला होता. क्लचची केबलही एकदा बदलली होती. तेव्हा आता गिअरबॉक्स उघडण्याचा सल्ला मिळाला. हा सल्ला योग्य होता की नव्हता, हे कळण्यासाठी आधी ही यंत्रणा काय आहे ते थोडक्यात पाहू.

मोटारीचे इंजिन चालू असेतोवर फिरतच राहते. चाकांना मात्र मधूनमधून थांबावे लागते. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके यांच्यातील नाते हवे तेव्हा जोडणारी व हवे तेव्हा तोडणारी वस्तू म्हणजे क्लच. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चक्र असते. त्याला लागून एक चकती असते, तीच क्लचप्लेट. तिच्या पाठीमागे प्रेशर प्लेट असते आणि ती दणकट स्प्रिंगच्या जोरावर चकतीला चक्रावर घट्ट दाबून धरते. दोन तळहातांत पोळी दाबून धरून हात फिरवले तर पोळीही फिरते, तशी ती चकती इंजिनाबरोबर फिरते व तिच्यामधून जाणारा गिअरबॉक्सचा दांडा फिरवते. आपण पेडल दाबतो तेव्हा केबल ओढली जाते, केबल एक फोर्क हलवते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग स्प्रिंगवर दाब देते आणि प्रेशर प्लेट मागे सरून चकती मोकळी होते.

यातील एक प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पाय खाली जातो तो दहा-पंधरा सेंटिमीटर. पण आत प्रेशर प्लेट मागे सरते ती जेमतेम एक-दीड मिलिमीटर. म्हणजे पायाची हालचाल आत पोहोचेपर्यंत सुमारे शंभराव्या हिश्श्याइतकी उरते. जोर वाढवण्यासाठी ती मुद्दामच अशी आटवलेली असते. पण त्यामुळेच वाटेत कोठे थोडी हालचाल गळाली, केबल ताणली गेली, फोर्कचे टोक झिजले किंवा पेडलखाली जाड पायपोस अडकले, तर आतली चकती पुरती सुटत नाही. वर सारे ठीक दिसते आणि आत केसाएवढी चिकटण राहते.

येथूनच क्लचचे दोन परस्परविरुद्ध रोग निघतात आणि त्यांची गल्लत करणे हीच निदानातली पहिली चूक होय. पहिला रोग म्हणजे क्लच न सुटणे. पेडल पूर्ण दाबूनही चकती थोडी फिरतच राहते. त्यामुळे थांबलेल्या गाडीत पहिला गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना करकर होते, कधी गिअर टाकताच गाडी पुढे ओढ घेते. दुसरा रोग म्हणजे क्लच घसरणे. येथे पेडल सोडले तरी चकती घट्ट धरली जात नाही. चढावर ॲक्सिलरेटर दाबावा, इंजिनाचा आवाज चढत जावा आणि गाडीचा वेग मात्र तेवढाच राहावा, ही त्याची खूण. जोडीला जळकट वास येतो. पहिल्यात नाते तुटत नाही, दुसऱ्यात ते जुळत नाही. चकती झिजली म्हणजे क्लच सामान्यतः घसरतो. म्हणून ज्याची तक्रार ‘गिअर पडत नाही’ एवढीच आहे, त्याने क्लचप्लेट बदलण्यापूर्वी जरा थांबावे.

आता गिअरचा भाग. गिअर टाकणे म्हणजे वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन दातेरी भागांना एकमेकांत अडकवणे. दोघांची गती सारखी नसेल तर दात दातांवर घासतात. ही गती आपोआप जुळवणारी सिंक्रोमेशची युक्ती १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत प्रथम आली. पितळी कड्यांच्या घर्षणाने ती दोन भागांची गती सारखी करते आणि मगच दात अडकू देते. पण ही सोय प्रत्येक गिअरला असतेच असे नाही. २०१४ साली जिचे उत्पादन थांबले त्या आपल्या ॲम्बॅसडरच्या जुन्या गाड्यांत पहिल्या गिअरला ती नव्हती. रिव्हर्सला तर बहुतेक जुन्या मोटारींत नसते. त्यामुळे गाडी पुरती थांबण्यापूर्वी तो गिअर टाकला व करकर झाली, तर तो रोग नव्हे. ती त्या यंत्राची प्रकृतीच. वैद्यकात प्रथम प्रकृती आणि मग विकृती पाहतात, तसेच येथेही आहे.

आपल्या हाताशी असलेला गिअरचा दांडाही थेट गिअरबॉक्सात जात नाही. मध्ये सळया, सांधे आणि त्या सांध्यांतील रबराचे किंवा प्लास्टिकचे बुश असतात. पद्मिनी गाडीत तर तो दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असे, म्हणजे गिअरबॉक्सापासून चांगलाच दूर. असे बुश झिजले की हात पुरता सरकतो, पण आतला भाग पुरता सरकत नाही. मग गिअर सापडत नाही, तिसऱ्याऐवजी पहिल्याकडे जातो, नाही तर टाकलेला निसटून येतो. हे बुश थोड्या पैशांत मिळतात. ते न पाहता गिअरबॉक्स उघडणे म्हणजे दाराची कडी सैल झाली म्हणून भिंत पाडण्यासारखे आहे.

एवढे समजले की दोष क्लचचा की गिअरचा, हे ठरवणारी एक साधी परीक्षा करता येते. सपाट, मोकळ्या जागी गाडी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, पुढेमागे कोणी नाही याची खात्री करावी. प्रथम इंजिन बंद ठेवून क्लच दाबावा व सारे गिअर क्रमाने टाकून पाहावेत. एखादा अडला तर गाडी वीतभर ढकलून पुन्हा पाहावे, कारण थांबलेले दात कधी समोरासमोर येतात. मग इंजिन चालू करून तेच करावे. बंद इंजिनावरही गिअर जड जात असतील, तर दोष दांडा, सळया, बुश किंवा गिअरबॉक्स यांत आहे. बंद असताना अलगद आणि चालू असताना करकर, असे असेल तर क्लच सुटत नाही. दोन मिनिटांच्या या परीक्षेने निम्मा संशय मिटतो.

दुसरी परीक्षा रिव्हर्सची. इंजिन चालू, गाडी स्थिर. क्लच तळापर्यंत दाबून मनातल्या मनात दहा अंक मोजावेत आणि मग रिव्हर्स टाकावा. चकती खरोखर मोकळी झाली असेल तर एवढ्या वेळात तिचे फिरणे थांबते आणि रिव्हर्स मुकाट्याने पडतो. दहा अंकांनंतरही तो करकरला, तर चकतीला इंजिनाची ओढ अजून लागते आहे. घाईने टाकल्यासच करकरत असेल, तर दोष यंत्राचा नसून आपल्या घाईचा आहे.

तिसरी परीक्षा पायाची. पुष्कळ गाड्यांत क्लच केबलने चालतो. १९८३ पासून २०१४ पर्यंत निघालेली आणि अजूनही रस्त्यांवर दिसणारी मारुती ८०० ही या पद्धतीची. इतर अनेक गाड्यांत केबलऐवजी तेलाचा दाब असतो, म्हणजे पेडलपाशी मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर. अशा गाडीत पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर पडू लागला, तर तेलात हवा शिरली आहे किंवा सिलिंडरातील रबरी वायसर दाब धरीत नाही. पेडल दाबून धरले असता हळूहळू गाडी पुढे सरकू लागली, तरी अर्थ तोच. तेलाची पातळी पाहावी. सिलिंडराभोवती व आत पेडलजवळ ओल आहे का, ते पाहावे. केबलच्या गाडीत पेडलचा जडपणा आणि त्याचे रिकामे चालणे, या दोन गोष्टी तपासाव्यात. रिकामे चालणे म्हणजे पेडल बोटाने दाबल्यावर प्रतिकार लागेपर्यंत ते सरकते तेवढे अंतर. ते किती असावे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. फार असेल तर क्लच सुटत नाही. मुळीच नसेल तर क्लच घसरतो व बेअरिंग झिजते.

चौथी परीक्षा कानाची. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. पेडल दाबताच घरघर सुरू झाली, तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. पेडल वर असताना घरघर होते आणि दाबले की थांबते, असे असेल तर गिअरबॉक्सातील बेअरिंगवर घ्यावा. आणि पाचवी परीक्षा कोणता गिअर त्रास देतो याची. एकच गिअर, समजा दुसराच, धावत्या गाडीत करकरत असेल, तर त्या गिअरचे पितळी कडे झिजले असावे. सारेच गिअर सारखे त्रास देत असतील, तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या वस्तूत, म्हणजे क्लचमध्ये, सळयांमध्ये किंवा तेलात शोधावा. गिअरचे तेल पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच असावे. ते फार दाट असेल तर थंडीत गिअर जड जातो, आणि भलत्याच जातीचे असेल तर पितळी कड्यांची पकड बिघडते.

या झाल्या प्रत्यक्ष परीक्षा. पण दुखणे पाळीचे असेल आणि परीक्षेच्या वेळी गाडी निरोगी असेल, तर काय करावे? अशा वेळी मला कचेरीतली सवय उपयोगी पडली आणि एम. ए.च्या वर्गात शिकलेले तर्कशास्त्रही. आपल्या नैयायिकांनी कार्यकारणाच्या शोधासाठी अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडी सांगितली आहे. जेथे एक असते तेथे दुसरे असते, हा अन्वय. जेथे पहिले नसते तेथे दुसरेही नसते, हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्यावाचून कारण सिद्ध होत नाही. ‘परवा गाडी तापली होती आणि गिअर अडला’ एवढ्यावरून उष्णता हे कारण ठरत नाही. गाडी तापूनही गिअर न अडल्याचे दिवस किती, हेही पाहावे लागते. आपली स्मृती अन्वय तेवढा जपून ठेवते. ज्या दिवशी काही घडले नाही, तो दिवस ती विसरते. म्हणून कागद हवा.

मी एक वही घातली. तीत रकाने आखले : तारीख व वेळ, हवा, पाऊस, इंजिन गार की तापलेले, त्या दिवशी गाडी किती चालली, किती वेळा सुरू केली, कोणता गिअर अडला, पेडल जड की हलके. आणि मुख्य म्हणजे, काही न घडलेल्या दिवसांचीही नोंद केली. घरातील मंडळी हसली. पत्नी म्हणाली, ‘आता गाडीचीसुद्धा फाइल उघडली का?’ पण दोन महिन्यांनी तीच वही बोलू लागली.

माझा पहिला संशय उष्णतेवर होता. घाटात इंजिन तापले, केबल जवळून जाते, ती तापून आवळली असेल, असे मला वाटे. वहीने हे खोडून काढले. फेब्रुवारीच्या अखेरीस भर दुपारी इंदूरहून धुळ्यापर्यंत मी सलग गाडी नेली होती आणि पेडल एकदाही जड झाले नव्हते. उलट जानेवारीतील दोन कडक थंडीच्या सकाळी, गाडी मैलभरही चाललेली नसताना, ते जड झाले होते. पाऊस नव्हताच, म्हणजे ओल नव्हे. चढही नव्हे, कारण सपाट बाजारपेठेत दोनदा हाच प्रकार घडला होता. मग राहिला एक रकाना. त्रासाच्या प्रत्येक दिवशी गाडी थोड्या वेळात अनेकदा सुरू केलेली होती, नाही तर थंडीमुळे स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागला होता. रेल्वेच्या फाटकापाशी, बाजारात दुकानामागून दुकान करताना, आणि त्या दिवशी घाटातल्या रांगेत. एकदाच सुरू करून लांब नेलेल्या दिवशी त्रास एकदाही नव्हता. अन्वय होता आणि व्यतिरेकही होता. पण स्टार्टरचा आणि क्लचच्या पेडलचा संबंध काय? एक वस्तू विजेची, दुसरी नुसती लोखंडी दोरी.

ही वही घेऊन मी मोटारींच्या विजेचे काम करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी रकाने वाचले, थोडा वेळ गाडीकडे पाहिले आणि इंजिन पेट घेणार नाही अशी व्यवस्था करून मला दहा सेकंद स्टार्टर फिरवावयास सांगितले. मग त्यांनी माझा हात धरून क्लचच्या केबलच्या आवरणावर ठेवला. केबल चांगलीच गरम झाली होती.

त्याचे स्पष्टीकरण असे. स्टार्टरला फार मोठा विद्युत्प्रवाह लागतो. लहान गाडीतसुद्धा तो शंभर अँपिअरच्या घरात जातो. हा प्रवाह बॅटरीतून स्टार्टरकडे जातो आणि इंजिनाच्या धातूमधून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत येतो. परंतु इंजिन रबराच्या बैठकींवर बसवलेले असते आणि रबरातून वीज वाहत नाही. म्हणून इंजिनाला बॅटरीशी व गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी एक जाड तार किंवा विणलेली पट्टी दिलेली असते; तिला आपले मिस्त्री ‘अर्थिंग’ म्हणतात. माझ्या गाडीत इंजिनाकडे जाणारे तिचे टोक हिरव्या गंजाने खाऊन गेले होते. परतीची वाट बंद पडली, पण प्रवाहाला परत तर जायचेच असते. त्याने दुसरी वाट शोधली. सांगाड्यापासून इंजिनापर्यंत पोहोचणारी दुसरी धातूची वस्तू होती क्लचची केबल. प्रत्येक वेळी स्टार्टर फिरला की तो प्रचंड प्रवाह त्या बारीक केबलमधून धावे, ती तापे, तिच्या आतले प्लास्टिकचे अस्तर मऊ होऊन तारेला चिकटे आणि पेडल धोंड्यासारखे होई. चार-पाच वेळा जोराने दाबले की चिकटण सुटे. म्हणून नवी केबलही काही आठवड्यांत जुन्याच वाटेने गेली होती, आणि म्हणून नव्या क्लचप्लेटने काहीच साधले नव्हते. घाटात पेट्रोल वाचवण्यासाठी मी केलेली प्रत्येक काटकसर त्या केबलला एकेक चटका देत होती.

नवी अर्थिंगची तार आणि नवी केबल मिळून खर्च काही शे रुपये आला. त्यानंतर ते दुखणे पुन्हा उद्भवले नाही. ज्यांच्या गाडीत क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल वारंवार खराब होते, त्यांनी ही गोष्ट अवश्य तपासून घ्यावी. हाताने चाचपण्याऐवजी व्होल्टमीटर वापरता येतो. एक टोक इंजिनाच्या उघड्या धातूला, दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे आणि कोणाला तरी स्टार्टर फिरवावयास सांगावे. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला, तर परतीच्या वाटेत अडथळा आहे असे समजावे.

प्रत्येकाच्या गाडीचा दोष हाच असेल, असे मात्र मुळीच नाही. वहीचा दुसरा कोणता रकाना बोलू लागला, तर उत्तरही दुसरे निघेल. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिल्यावर क्लच सुटत नसेल, तर चकती गंजून चक्राला चिकटली असावी. गाडी तापल्यावरच घसरत असेल, तर चकतीवर इंजिनाचे तेल झिरपत असावे, नाही तर केबलला ढील उरला नसावा. गिअर फक्त खड्ड्यात किंवा जोर देताना निसटत असेल, तर इंजिनाच्या रबरी बैठकी व सळयांचे बुश पाहावेत. थंडीच्या पहिल्या मैलातच गिअर जड जात असेल आणि पुढे सुधारत असेल, तर तेल पाहावे. दुरुस्तीचा क्रमही यातून ठरतो : आधी जे बाहेरून दिसते व स्वस्त आहे ते, मग जे आत आहे व महाग आहे ते.

दोन सूचना सुरक्षिततेच्या. चढावर क्लच अकस्मात निकामी झाला तर धडपडत राहू नये. हँडब्रेक ओढावा, धोक्याचे दिवे लावावेत, इंजिन बंद करून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि खाली उतरून चाकामागे दगड लावावा. हे मी त्या दिवशी करावयास हवे होते आणि केले नाही. दुसरी सूचना गॅरेजातल्या मंडळींसाठी. जुन्या क्लचप्लेटच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि ते फुप्फुसांना घातक आहे. ती भुकटी हवेच्या फवाऱ्याने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. तेथे काम करणारा मुलगा आपल्याच गाडीसाठी श्वास घेत असतो, याचे भान मालकानेही ठेवावे.

शेवटी एक न्यायाची गोष्ट. ज्या मिस्त्रीने क्लचप्लेट बदलली, त्याच्यावर मी बरेच दिवस मनातून रागावलो होतो. आता वाटते, त्याचे फारसे चुकले नव्हते. मी त्याला ‘गिअर कधी कधी अडतो’ एवढेच सांगितले होते. ‘कधी’ ते सांगितले नव्हते, कारण ते मलाच ठाऊक नव्हते. रोग्याने अर्धे सांगितले तर वैद्य पुरते कसे ओळखणार? पुढच्या उन्हाळ्यात आईला घेऊन तोच विंध्याचा चढ पुन्हा चढलो. रांग तशीच होती, इंजिन तसेच अनेकदा बंद-चालू केले आणि प्रत्येक वेळी गिअर मुकाट्याने पडला. माथ्यावर पोहोचल्यावर आईने पिशवी मांडीवरून काढून शेजारी ठेवली.